कणगी आणि तिचे माप : रक्तशर्करेच्या शोधाचा इतिहास

मधुमेह हा खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचा आजार, अशी समजूत आपल्या समाजात फार दिवसांपासून दृढ झालेली आहे. पोट सुटलेला व्यापारी, खुर्चीवर बसून दिवस काढणारा अधिकारी, लग्नाच्या पंगतीत दोनदा गोड वाढून घेणारा गृहस्थ, अशी चित्रे हा शब्द उच्चारताच डोळ्यांपुढे येतात. परंतु आम्ही ज्या रत्नागिरी जिल्ह्यात राहतो, तेथील वाड्यावस्त्यांवर आजाऱ्यांच्या भेटीस जाताना एक निराळाच रुग्ण आढळतो. हाडे मोजता यावीत असा देह, उन्हापावसात राबलेले हात, घरात जेमतेम तांदूळ; आणि डॉक्टरांच्या कागदावर मात्र साखर वाढल्याची नोंद. ‘ह्याने आयुष्यात गोड खाल्ले तरी कधी?’ असे घरची माणसे विचारतात. प्रश्न साधा आहे. पण त्याचे उत्तर शोधण्यास वैद्यकशास्त्राला फार काळ लागला आणि ते अजूनही पुरते हाती आलेले नाही. त्या शोधाचा इतिहास थोडक्यात सांगावा आणि त्याचा आपल्या कोकणाशी काय संबंध आहे ते पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सुश्रुताचे दोन रुग्ण

हा आजार आपल्या देशाला नवा नाही. ज्याच्या मूत्राला मधासारखी गोडी येते तो मधुमेह, हे नाव आपल्या प्राचीन वैद्यांनीच दिले. त्यांत सुश्रुतसंहितेतील एक निरीक्षण आमच्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. सुश्रुत प्रमेहाचे दोन प्रकार सांगतो. एक सहज, म्हणजे जन्माबरोबर आलेला, आईबापांच्या बीजदोषातून उद्भवणारा. आणि दुसरा अपथ्यातून, म्हणजे चुकीच्या आहारविहारातून होणारा. पहिल्या प्रकारचा रुग्ण कृश, रुक्ष, थोडे खाणारा आणि सतत तहानलेला असतो. दुसरा स्थूल, पुष्कळ खाणारा, बसण्याझोपण्याची आवड असलेला. दोघांची प्रकृती निराळी म्हणून उपचारही निराळे, असे त्याचे म्हणणे आहे. कृशाचे पोषण करावे आणि स्थूलाला लंघनादी उपायांनी हलके करावे, असा त्याचा रोख आहे.

आज आपल्याला जे ज्ञात आहे ते सारे सुश्रुताला ठाऊक होते, असे म्हणण्याचा आमचा मुळीच मानस नाही. रक्तातील साखर त्याने मोजलेली नव्हती, की स्वादुपिंडाचे कार्य त्याला माहीत नव्हते. पण एकाच नावाखाली दोन वेगळे रुग्ण वावरत आहेत, हे त्याने नुसत्या डोळ्यांनी पाहिले. पुढे विज्ञान या वस्तुस्थितीपर्यंत पुन्हा येऊन पोहोचले, पण फार मोठा वळसा घेऊन.

यकृताची कणगी

युरोपात १६७४ साली इंग्रज वैद्य थॉमस विलिस याने मधुमेहींच्या मूत्राच्या गोडीची नोंद केली. १७७६ साली लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सनने ही गोडी साखरेचीच आहे हे दाखविले. इतकेच नव्हे, तर रुग्णाच्या रक्ताचा द्रवभागही गोड लागतो असे त्याने नमूद केले. म्हणजे दोष केवळ मूत्रपिंडाचा नव्हता. साखर आधी रक्तात वाढत होती आणि मग बाहेर सांडत होती. रक्तातील साखर दर शंभर मिलिलिटरला सुमारे १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडाला ती अडवता येत नाही, हे आज आपण जाणतो.

पण रक्तात साखर येते कोठून? अर्थात खाल्लेल्या अन्नातून, असेच सर्वजण मानत होते. फ्रान्सचे थोर शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी १८४८ साली ही कल्पना मोडीत काढली. केवळ मांसावर ठेवलेल्या जनावराच्या यकृतातून निघणाऱ्या रक्तातही त्यांना साखर सापडली. याचा अर्थ यकृत स्वतःच साखर तयार करून रक्तात सोडत होते. १८५७ साली त्यांनी यकृतात साठवलेला तो पदार्थ वेगळा काढला आणि त्याला ग्लायकोजेन, म्हणजे शर्करेला जन्म देणारा, असे नाव दिले.

कोकणातल्या वाचकाला हे समजावून सांगण्यास फार शब्द लागू नयेत. आपल्याकडे भात झोडून झाले की ते कणगीत भरतात आणि पुढचे पीक येईपर्यंत घरची बाई रोज मापाने काढते. एके दिवशी सारे शिजवून टाकत नाही आणि एखाद्या दिवशी चूल बंदही ठेवत नाही. यकृत ही देहाची कणगी आहे. जेवणानंतर आतड्यांतून आलेली साखर ते साठवते आणि दोन जेवणांच्या मधल्या काळात, रात्रीच्या झोपेत, ती थोडी थोडी काढून देते. मोठ्या माणसाच्या देहात सुमारे पाच लिटर रक्त असते आणि त्या साऱ्या रक्तात साखर असते ती अवघी पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. पण एकट्या मेंदूला दिवसाकाठी सुमारे १२० ग्रॅम साखर लागते. त्या एका चमच्याची पातळी रात्रंदिवस राखायची, हे किती नाजूक काम आहे याची यावरून कल्पना यावी. यकृताच्या कणगीत साधारण शंभर ग्रॅम साठा मावतो. दिवसभराच्या कडकडीत उपवासात तो जवळजवळ संपतो, आणि मग यकृत स्नायूंतील प्रथिनांचे घटक वापरून नवी साखर घडवू लागते.

बेटे आणि त्यांचे दोन दूत

कणगी सापडली, पण माप कोणाच्या हाती आहे ते ठाऊक नव्हते. १८६९ साली पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात स्वादुपिंडातील काही पेशीपुंजांचे वर्णन केले. सभोवतालच्या पेशींत ते बेटांसारखे विखुरलेले होते. त्यांचे कार्य काय, हे मात्र तो सांगू शकला नाही. वीस वर्षांनी, १८८९ साली, स्ट्रासबुर्ग येथे ऑस्कर मिंकोव्स्की आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, तेव्हा त्या कुत्र्याला मधुमेह जडला. मापाची मालकीण स्वादुपिंडात राहते हे त्या दिवशी कळले. पुढे त्या बेटांतूनच एक द्रव्य स्रवते असे अनुमान निघाले आणि लॅटिन भाषेतील ‘इन्सुला’ म्हणजे बेट या शब्दावरून त्या द्रव्याला इन्सुलिन हे नाव मिळाले. आपण आज जो शब्द औषधांच्या दुकानात उच्चारतो त्याचा मूळ अर्थ ‘बेटावरचे’ एवढाच आहे.

या बेटांतून दोन मुख्य दूत निघतात. जेवणानंतर रक्तातील साखर वाढली की बीटा पेशी इन्सुलिन सोडतात. ते यकृताला सांगते, साठव. स्नायूंना सांगते, आत घे. साखर उतरू लागली की अल्फा पेशी ग्लुकॅगॉन सोडतात. ते यकृताला सांगते, कणगी उघड. हे दुसरे नाव १९२३ साली रूढ झाले. या दोहोंच्या ओढाताणीत निरोगी माणसाची उपाशीपोटीची साखर साधारण ७० ते १०० मिलिग्रॅमच्या दरम्यान टिकून राहते. इन्सुलिन अपुरे पडले की रक्तात साखर तुंबते, पण स्नायूंच्या पेशी उपाशीच राहतात. आणि त्याच वेळी यकृताला आवरणारे कोणी नसल्यामुळे ते कणगीतून आणखी साखर ओतत राहते. गोड न खाणाऱ्याची साखर का वाढते, या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला भाग हा असा आहे.

मंडालेचा कैदी

या ज्ञानाचे औषधात रूपांतर होण्यापूर्वी मधुमेह म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण आमच्या रत्नागिरीशीच निगडित आहे. लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. २२ जुलै १९०८ रोजी राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना ब्रह्मदेशात मंडाले येथे नेण्यात आले. मंडालेचा राजा थिबा १८८६ पासून रत्नागिरीत स्थानबद्ध होता आणि रत्नागिरीचा पुत्र मंडालेच्या तुरुंगात, असा तो योग होता. टिळकांना मधुमेह होता. मंडालेत ‘गीतारहस्य’ लिहिणाऱ्या त्या थोर पुरुषापाशी या आजारावर पथ्याखेरीज दुसरे साधन नव्हते. यात तुरुंगाचा दोष नव्हता. लंडन आणि न्यूयॉर्क येथील धनिकांपाशीही त्याहून अधिक काही नव्हते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेतील फ्रेडरिक ॲलन यांचा जो उपचार सर्वोत्तम मानला जाई, तो म्हणजे रुग्णाला जवळजवळ उपाशी ठेवणे. लहान मुले त्या उपचाराने काही काळ अधिक जगत, पण सांगाड्यासारखी होऊन.

१ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्यांचे शेवटचे दुखणे तापाचे होते. त्यामुळे नवे औषध असते तर ते वाचले असते, असे म्हणणे धाडसाचे होईल. तथापि त्यांच्या मृत्यूनंतर दीड वर्षाच्या आत, ११ जानेवारी १९२२ रोजी, कॅनडातील टोरांटो येथे लेनर्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनची पहिली सुई टोचण्यात आली. फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी १९२१ साली मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत हे काम केले होते. पहिले द्रव्य पुरेसे शुद्ध नव्हते. जेम्स कॉलिप यांनी ते शुद्ध केले आणि २३ जानेवारीच्या दुसऱ्या प्रयत्नात मुलाची साखर खाली आली. १९२३ सालचे नोबेल पारितोषिक बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना मिळाले. त्यांनी आपापल्या वाट्यातील रक्कम बेस्ट आणि कॉलिप यांच्यासह वाटून घेतली. एकस्वाचे हक्क संशोधकांनी विद्यापीठाला नाममात्र एका डॉलरला दिले. औषध सर्वांचे व्हावे, ही त्यामागची भावना होती.

मापात सापडलेली विसंगती

येथे इतिहास संपला असता तर गोष्ट सोपी होती: इन्सुलिन कमी म्हणजे मधुमेह. परंतु १९६०च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातील इन्सुलिन मोजण्याची अतिशय सूक्ष्म पद्धत शोधून काढली, आणि त्यांना एक आश्चर्य दिसले. प्रौढ वयात मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात इन्सुलिन कमी नव्हते. उलट पुष्कळ होते. दूत येत होता, निरोप देत होता, पण पेशी ऐकत नव्हत्या. शरीरात, विशेषतः पोटात, साठलेली चरबी या बहिरेपणास कारण होते, हे पुढे स्पष्ट झाले. यॅलो यांना या पद्धतीसाठी १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

यातून मधुमेहाचे दोन ठळक प्रकार पाठ्यपुस्तकांत स्थिरावले. एकात देहाची स्वतःची रोगप्रतिकारशक्तीच बीटा पेशींचा नाश करते. दुसऱ्यात प्रौढ, बहुधा स्थूल माणसाच्या पेशी इन्सुलिनला दाद देत नाहीत. ही पुस्तके मुख्यतः पाश्चात्त्य रुग्णांवरून लिहिली गेली. कोकणातला कृश शेतमजूर या दोन्ही चौकटींत नीट बसत नव्हता. १९५५ साली जमैका बेटावर ह्यू-जोन्स यांनी अशा रुग्णांचे वर्णन केले होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली कुपोषणाशी निगडित मधुमेह अशी स्वतंत्र वर्गवारीही केली, परंतु पुरावा अपुरा म्हणून १९९९ साली ती काढून टाकली. वर्ग गेला, रुग्ण मात्र राहिले.

पुण्याच्या खेड्यांतून

या कोड्यावर प्रकाश टाकण्याचे मोठे काम महाराष्ट्रातच झाले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ सालापासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांचा गरोदरपणापूर्वीपासून अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांपेक्षा बरेच कमी. पण तुलना केल्यावर दिसले की आपल्या बालकांत उणे होते ते स्नायू आणि पोटातील अवयव. चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीदार अशा या बालकांची हकिकत २००३ साली प्रसिद्ध झाली. पुढच्या वर्षी डॉ. याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे मित्र डॉ. जॉन युडकिन यांनी आपले एकत्र छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे; पण युडकिन यांच्या देहात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के. काटा एकच आकडा दाखवतो आणि आत दोन वेगळे देह असतात, हे सांगण्यास त्याहून सोपा पुरावा नसेल.

ती बालके मोठी झाली. अठराव्या वर्षी त्यांची तपासणी झाली तेव्हा ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांची साखर ठरलेल्या मर्यादेच्या वर आढळली. आणि त्या साऱ्या मुलामुलींपैकी जवळपास निम्म्यांचे वजन आवश्यकतेपेक्षा कमी होते. खेड्यातली, सडपातळ, तरुण मुले ही. आईच्या पोटात असतानाच ज्याला पुरेसे मिळाले नाही, त्याच्या स्वादुपिंडाची बेटेही मर्यादित सामर्थ्याची राहत असावीत आणि पुढे थोडासा भार वाढला की ती अपुरी पडत असावीत, असा या साऱ्याचा अर्थ लावला जातो. इंग्लंडचे डेव्हिड बार्कर आणि निकोलस हेल्स यांनी १९९२ साली हाच विचार मांडला होता. गोड न खाणाऱ्याची साखर का वाढते, याच्या उत्तराचा दुसरा भाग हा: कधीकधी ते उत्तर त्याच्या आईच्या ताटात दडलेले असते.

आपले कोकण

आता रत्नागिरीकडे वळू. जांभ्या दगडाची जमीन, धो धो पाऊस आणि तरीही बहुतेक ठिकाणी भाताचे एकच पीक. घरातला पुरुष मुंबईच्या गिरणीत किंवा गोदीत, आणि घर मनीऑर्डरीवर. अशी येथील कित्येक पिढ्यांची कहाणी आहे. २०११ च्या जनगणनेतही या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. हा आकडा स्त्रीजन्माच्या आनंदाचा नव्हे, तर परगावी गेलेल्या पुरुषांचा आहे. मागे राहिलेली बाई लावणी करी, मोळी आणी, सासूसासऱ्यांना व मुलांना वाढी आणि शेवटी उरेल ते खाई. आषाढ-श्रावणात कणगीचा तळ दिसू लागला म्हणजे तंगी पहिल्यांदा तिच्याच ताटाला लागे. आणि लावणीचे तेच दिवस पुष्कळदा तिच्या गरोदरपणाचेही असत.

चिपळूण तालुक्यातील डेरवण येथील वालावलकर रुग्णालयाने या प्रश्नाची मुळापासून दखल घेतली आहे. तेथील वैद्यांनी २०१९ साली जिल्ह्यातील १६ ते १८ वर्षे वयाच्या मुलींची नोंद करून त्यांच्या आरोग्याचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. या मुली पुढे आई होतील, त्यांची मुले जन्मतील, आणि आजाराची मुळे किती मागे जातात ते टप्प्याटप्प्याने पाहता येईल, अशी ही योजना आहे. रोग्याची वाट न पाहता रोगाच्या उगमाशी जाऊन उभे राहण्याचा हा प्रयत्न आपल्याच जिल्ह्यात होत आहे, याची आपल्यापैकी फार थोड्यांना माहिती आहे.

२०२५ साली आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणाशी निगडित मधुमेहाला ‘प्रकार पाच’ अशी मान्यता दिली. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा त्यात मोठा वाटा आहे. अशा रुग्णांच्या पेशी बहिऱ्या नसतात, त्यांच्या बेटांतून इन्सुलिनच फार कमी निघते, असे त्यात दिसून आले. या नव्या नावावर सर्व तज्ज्ञांचे एकमत झालेले नाही. पण नाव काहीही द्या, व्यवहारातला धोका खरा आहे. ज्याची कणगीच रिती आहे अशा माणसाने सुई घेतली आणि जेवण चुकले, तर साखर ७० च्या खाली घसरते. घाम सुटतो, हात थरथरतात, जीभ अडखळते आणि माणूस शुद्ध हरपतो. स्थूल माणसाला दिलेला ‘कमी खा’ हा सल्ला या माणसाला तसाच देणे म्हणजे आधीच उपाशी असलेल्याला आणखी उपाशी ठेवणे होय. म्हणून सुई, गोळी आणि पथ्य यांचे प्रमाण ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनीच ठरवावे; शेजाऱ्याची गोळी आपण घेऊ नये.

याच संदर्भात उपवासाविषयी दोन शब्द लिहिणे आमचे कर्तव्य आहे. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दिवशीच्या उपवासाचा नियम १८ ते ५९ वर्षे वयाच्या निरोगी माणसांसाठी आहे. आजारी माणूस आणि गरोदर स्त्री यांच्यावर तो बंधनकारक नाही. इन्सुलिन घेणाऱ्या वृद्धेने ‘एक दिवस चालते’ म्हणून उपाशी राहणे ही भक्ती नव्हे. तिने आपल्या वाट्याचे जेवून दुसऱ्या रीतीने त्याग करावा.

असो. सुश्रुताने कृश रुग्णाच्या आजाराचे मूळ आईबापांच्या बीजात पाहिले. आजचे संशोधन वेगळ्या भाषेत बोलते, पण तेही आपल्याला रुग्णाच्या जन्मापलीकडे घेऊन जाते. आपल्या घरांत शाळेत जाणाऱ्या मुली आहेत. सकाळी अर्धा कप चहा पिऊन त्या एस. टी. पकडतात आणि दुपारी डब्यात भात व पातळ आमटी असते. त्यांच्या ताटात अंडे, मासळी, कडधान्य, हिरवी भाजी आणि नाचणीची भाकरी भावाच्या बरोबरीने पडते की नाही, हा प्रश्न आता केवळ न्यायाचा राहिलेला नाही. पुढच्या पिढीच्या रक्तात किती साखर राहील याच्याशी तो जोडलेला आहे. कोकणातला शेतकरी कितीही तंगी आली तरी बियाण्यासाठी राखलेल्या भाताला हात लावत नाही. आपल्या मुलींच्या वाट्याचे अन्न त्याच कसोशीने राखले पाहिजे.